काचपात्रातील फलन : एका भारतीय संशोधनाचा पुरावा

सामान्यज्ञानाच्या पुस्तकात ‘भारतातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी कोणती?’ असा एक ठरलेला प्रश्न असतो. गंमत अशी की, त्याची दोन उत्तरे आढळतात. काही पुस्तकांत मुंबईची हर्षा, जन्म १९८६, असे असते; तर काहींत कलकत्त्याची दुर्गा, जन्म १९७८, असे असते. आठ वर्षांचा फरक म्हणजे छापण्यातली चूक नव्हे. इतिहासाची विद्यार्थिनी या नात्याने मला या दोन उत्तरांचे कुतूहल वाटले आणि त्यांच्या मुळाशी काय आहे हे पाहण्यासाठी मी थोडे वाचन केले. शास्त्राचा माझा अभ्यास नाही. तेव्हा शास्त्रीय भागात काही ढोबळपणा राहिला असल्यास विज्ञान शाखेच्या प्राध्यापकांनी सांभाळून घ्यावे. परंतु हा प्रश्न निव्वळ शास्त्राचा नाही. तो पुराव्याचा आहे आणि पुरावा हा तर आमच्याच विषयाचा प्राण.

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. ‘टेस्ट ट्यूब बेबी’ हे नाव वर्तमानपत्रांनी दिलेले असून ते दोन्ही अंगांनी चुकीचे आहे. या प्रयोगात परीक्षानळी वापरत नाहीत, पसरट काचेची बशी वापरतात. आणि त्या बशीत मूल वाढत नाही. तेथे फक्त फलन होते, आणि पुढचे दोन-चार दिवस पेशींचे विभाजन होते. त्यानंतर तो पेशींचा पुंज मातेच्या गर्भाशयात ठेवतात. बाकीचे नऊ महिने सर्व स्त्रियांचे जातात तसेच जातात.

हे सर्व करण्याची गरज का पडावी? नैसर्गिक रीतीने स्त्रीबीज व शुक्रजंतू यांची गाठ बीजवाहिनीत पडते. बीजांडकोशातून दरमहा बहुधा एकच बीज सुटते, ते या सुतासारख्या वाहिनीत शिरते आणि तेथेच त्याचे फलन होते. वाहिनी बंद असेल तर बीजही निरोगी, शुक्रजंतूही निरोगी आणि गर्भाशयही निरोगी असून मूल होत नाही. दोन गावांमधला साकव वाहून जावा तसा हा प्रकार. आपल्या देशात क्षयरोगाने वाहिन्या खराब होण्याचे प्रमाण मोठे, म्हणून ही अडचण पाश्चात्त्यांपुरती नव्हती. तेव्हा साकव टाळून बीज बाहेरच काढावे, बाहेरच त्याचे फलन करावे आणि पलीकडच्या गावी नेऊन पोचवावे, अशी ही कल्पना. ऐकायला सोपी, परंतु माणसाचे बीज मिलिमीटरच्या सुमारे एक दशांश आकाराचे असते. ते शोधायचे, शरीराच्या उष्णतेइतक्या उबेत ठेवायचे आणि त्याला मानवेल असे द्रावण तयार करायचे, यात शास्त्रज्ञांची वर्षानुवर्षे गेली. १९५९ साली चांग या शास्त्रज्ञाने सशांवर हा प्रयोग यशस्वी केला. माणसाच्या बाबतीत मात्र पुढे जवळजवळ दोन दशके जावी लागली.

इंग्लंडमध्ये रॉबर्ट एडवर्ड्‌स हे प्रजननशास्त्रज्ञ, पॅट्रिक स्टेप्टो हे शल्यविशारद आणि जीन पर्डी या परिचारिका ओल्डहॅम गावी हे काम करीत होते. १९७१ साली तेथील वैद्यकीय संशोधन मंडळाने त्यांना अर्थसाहाय्य नाकारले, तरी त्यांनी काम सोडले नाही. त्यांच्या मार्गातली एक अडचण इथे नीट समजून घ्यावी लागेल, कारण पुढची सगळी कथा तिच्याभोवती फिरते. एका पाळीत एकच बीज मिळते. ते वाया गेले की महिना वाया गेला. म्हणून संप्रेरकांची इंजेक्शने देऊन एकाच वेळी अनेक बीजे पक्व करावीत, अशी युक्ती होती. (ही संप्रेरके पाळी बंद झालेल्या स्त्रियांच्या मूत्रातून काढीत आणि त्या औषधाच्या प्रारंभीच्या काळात इटलीतील मठांमधल्या वयस्क जोगिणींचे मूत्र कॅनांनी गोळा केले जाई. ज्यांनी संसाराचा त्याग केला त्यांच्याकडून इतरांचे पाळणे हलावेत, हा योगायोग मला फार लोभस वाटतो.) एडवर्ड्‌स आणि स्टेप्टो यांनी अशी संप्रेरके अनेक वर्षे वापरली. बीजे मिळत, फलनही होई. पण गर्भ रुजत नसे. बीजे पक्व करणारी ही औषधेच त्या पाळीत गर्भाशयाच्या अस्तराची घडी बिघडवीत असावीत, अशी त्यांना शंका आली. अखेर त्यांनी औषधांचा नाद सोडला आणि नैसर्गिक पाळीतले एकच बीज दुर्बिणीच्या साह्याने काढून प्रयत्न केला. २५ जुलै १९७८ रोजी लुईस ब्राऊन जन्मली. सगळ्या जगात तिचे छायाचित्र छापून आले.

यानंतर ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कलकत्त्यात एक मुलगी जन्मली. डॉ. सुभाष मुखोपाध्याय, त्यांचे सहकारी सुनीत मुखर्जी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. सरोजकांती भट्टाचार्य यांनी जाहीर केले की, हिचे फलनही काचपात्रात झाले आहे. ते दिवस पूजेचे होते, म्हणून तिचे नाव दुर्गा पडले.

डॉ. मुखोपाध्याय काही हौशी गृहस्थ नव्हते. १९३१ साली हजारीबाग येथे त्यांचा जन्म झाला. वैद्यकाची पदवी घेतल्यावर कलकत्ता विद्यापीठातून प्रजननाच्या शरीरक्रियाशास्त्रात एक आणि एडिंबरो येथून संप्रेरकशास्त्रात दुसरी अशा दोन डॉक्टरेट त्यांनी मिळवल्या होत्या. परत येऊन ते सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात शिकवीत. सुनीत मुखर्जी तर जादवपूर विद्यापीठात अन्नतंत्रज्ञानाचे अभ्यासक. पदार्थ गोठवून टिकवण्याचे शास्त्र हा त्यांचा प्रांत. प्रजनन संशोधनात अन्नतंत्रज्ञाचे काय काम, असा प्रश्न कोणालाही पडेल. तेच या प्रयोगाचे मर्म आहे.

मुखोपाध्यायांनी संप्रेरके सोडली नाहीत. त्यांनी ती देऊन अनेक बीजे मिळवली. पोटावर छेद घेऊन दुर्बीण घालण्याऐवजी योनिमार्गातून लहान शस्त्रक्रियेने बीजे काढली, त्यांचे फलन केले. आणि जी पाळी औषधांनी बिघडली होती तिच्यात गर्भ ठेवायचाच नाही, असे ठरवले. मग तोवर गर्भाचे करायचे काय? तर तो गोठवून ठेवायचा! सुनीत मुखर्जींचे काम येथे होते. पेशीत पाणी असते; ते गोठले की बर्फाचे स्फटिक होतात आणि स्फटिकांच्या टोकांनी पेशी फाटते. म्हणून स्फटिक होऊ न देणारे रसायन आधी पेशींत मुरवावे लागते आणि मग उष्णता अगदी मोजून-मापून कमी करीत न्यावी लागते. उंदराचे भ्रूण या पद्धतीने गोठवून पुन्हा जिवंत करण्यात १९७२ साली यश आले होते. माणसाचे कोणी केले नव्हते. कलकत्त्याच्या या तिघांनी भ्रूण ५३ दिवस गोठवून ठेवला आणि नंतरच्या स्वच्छ, औषधरहित पाळीत मातेच्या गर्भाशयात ठेवला. तिच्या बीजवाहिन्या निकामी होत्या.

म्हणजे ओल्डहॅमच्या मंडळींनी ज्या अडचणीला वळसा घातला, तिच्यावर यांनी उपाय शोधला होता.

पुढे जे घडले ते थोडक्यात सांगते. ते आनंदाने लांबवावे असे नाही. १८ नोव्हेंबर १९७८ रोजी राज्य शासनाने चौकशीसाठी तज्ज्ञांची समिती नेमली. समितीला दावा विश्वसनीय वाटला नाही. १९७९ साली जपानमधील क्योतो विद्यापीठाने मुखोपाध्यायांना व्याख्यानासाठी बोलावले. शासनाने जाऊ दिले नाही. जून १९८१ मध्ये त्यांची बदली नेत्रविज्ञानाच्या संस्थेत झाली. हयातभर संप्रेरकांचा अभ्यास केलेल्या मनुष्याने डोळ्यांच्या विद्युत्‌क्रिया शिकवाव्या, असा त्या हुकमाचा अर्थ. त्यांना आधीच हृदयविकार जडला होता. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आपले जीवन संपवले. तपन सिन्हा यांचा ‘एक डॉक्टर की मौत’ हा चित्रपट या हकिकतीवरून सुचलेला आहे, हे पुष्कळांना ठाऊक असेल. त्यात मात्र संशोधन कुष्ठरोगाच्या लसीचे दाखवले आहे.

समितीला खलनायक ठरवणे सोपे आहे. मला तसे करवत नाही. समितीपुढे आलेल्या माणसांत काचपात्रातील फलनाचा प्रत्यक्ष अनुभव असणारा दुसरा कोणी नव्हता, कारण देशात तो कोणालाच नव्हता. मुखोपाध्यायांनी विस्तृत शोधनिबंध छापला नव्हता. थंडीकरणशास्त्राच्या एका भारतीय नियतकालिकातले त्रोटक टिपण तेवढे १९७८ सालचे आहे. आणि मुख्य साक्षीदार म्हणजे आईबाप. ते पुढे येत नव्हते. त्यांनी नाव गुप्त ठेवण्याची अट घातली होती.

ही अट का असावी? ज्या समाजात मूल न होणे हा बाईचा दोष मानला जातो, त्या समाजात मूल ‘असे’ झाले हेही बोलायची सोय नसते. आपल्या भाषेतच पाहा. ‘वांझ’ हे विशेषण बाईला लागते, गाईला लागते, झाडाला आणि जमिनीलाही लागते. पुरुषाला लागत नाही. वास्तविक मूल न होण्याचे कारण पुष्कळ वेळा पुरुषात असते, हे वैद्यक केव्हापासून सांगत आहे. तरी ओटी भरताना कोणाला वगळायचे हे आपण बाईकडे पाहूनच ठरवतो. कलकत्त्याच्या त्या दांपत्याने तोंड बंद ठेवले यात मला नवल वाटत नाही. पण त्यांच्या मौनाने डॉक्टरांचा पुरावा लंगडा पडला, हेही खरे.

आता मुंबईकडे येऊ. परळला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची प्रजनन संशोधन संस्था आहे. तिचे संचालक डॉ. टी. सी. आनंदकुमार आणि महापालिकेच्या केईएम रुग्णालयातील डॉ. इंदिरा हिंदुजा यांनी मिळून काम केले व ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएममध्ये हर्षा जन्मली. येथे सर्व काही रीतसर होते. सरकारी संस्थेचा पाठिंबा, पायरीपायरीची नोंद आणि शास्त्रीय नियतकालिकांतून प्रसिद्धी. डॉ. हिंदुजांनी याच विषयावर मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेटही मिळवली. ‘भारतातील पहिली’ हा मान हर्षाला मिळाला आणि त्याबद्दल कोणी शंका घेतली नाही. मुंबईच्या संघाने कोणाचे काही हिरावले नव्हते. कलकत्त्याचा दावा तोपर्यंत फेटाळलेलाच होता.

१९९७ च्या फेब्रुवारीत डॉ. आनंदकुमार एका परिषदेसाठी कलकत्त्याला गेले. तेथे त्यांना मुखोपाध्यायांच्या स्मरणार्थ व्याख्यान द्यायचे होते. त्या वेळी सुनीत मुखर्जींनी जपून ठेवलेले कागद त्यांच्या हाती आले. त्यांत हस्ताक्षरातील टिपणे होती आणि ऑक्टोबर १९७८ मध्ये आरोग्य खात्याला सादर केलेला अहवालही होता. आनंदकुमारांनी ते वाचले, दुर्गाच्या आईवडिलांशी बोलणे केले आणि एप्रिल १९९७ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात लेख लिहून जाहीर केले की, भारतातील पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचे श्रेय सुभाष मुखोपाध्याय यांचे आहे.

या घटनेपाशी मी बराच वेळ थांबले. राजवाड्यांनी गावोगाव फिरून दफ्तरे गोळा केली आणि बखरीपेक्षा अस्सल कागद प्रमाण, हा दंडक घालून दिला, असे आम्हांला पहिल्या वर्षापासून शिकवतात. परंतु कागद तपासणारा मनुष्य त्या कागदाने स्वतःच पदच्युत होणार असेल, तर तो काय करील, हा प्रश्न आम्हांला कोणत्याही प्रश्नपत्रिकेत आलेला नाही. आनंदकुमारांनी गप्प बसायचे ठरवले असते तर कोणाला काय कळणार होते? तो मनुष्य सोळा वर्षांपूर्वी गेलेला, समितीचा निर्णय त्याच्या विरुद्ध, कागद एका खाजगी घरात. त्यांनी लिहिले, आणि हर्षा पहिलीची दुसरी झाली.

तरीही इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारायला हवे : हे कागद काय सिद्ध करतात? कागद खोटेही असू शकतात. दुसऱ्या प्रयोगशाळेने त्या वेळी स्वतंत्र तपासणी केली नाही आणि आता तशी करता येणार नाही. माझ्या मते या ठिकाणी कागदाच्या शाईपेक्षा त्यातला मजकूर अधिक बोलतो. एखाद्याला १९७८ साली बनाव करायचा असता, तर त्याने काय लिहिले असते? जे जगात यशस्वी झाले तेच. म्हणजे नैसर्गिक पाळी, एकच बीज, दुर्बीण, ताबडतोब रोपण. नक्कल ही मूळ चित्राची होते. मुखोपाध्यायांनी नेमके उलटे लिहिले. संप्रेरके देऊन केलेल्या प्रयत्नातून अमेरिकेत पहिले मूल जन्मले ते डिसेंबर १९८१ मध्ये. गोठवलेल्या मानवी भ्रूणापासून गर्भधारणा झाल्याचे ऑस्ट्रेलियाच्या संशोधकांनी प्रसिद्ध केले ते १९८३ मध्ये. त्या रीतीने जन्मलेले मूल म्हणून जगाने मान्य केलेली मुलगी १९८४ ची. योनिमार्गातून बीजे काढणे, अर्थात ध्वनिलहरींच्या यंत्राच्या मार्गदर्शनाने, ही सर्वमान्य रीत झाली तीही ऐंशीच्या दशकातच. आज तर सगळे भ्रूण गोठवून पुढच्या पाळीत रोपण करणे ही पुष्कळ रुग्णालयांतली नित्याची पद्धत आहे. तीन-तीन गोष्टी आगाऊ बरोबर ओळखणारा लबाड मनुष्य मला तरी कल्पिता येत नाही. हा गणिती पुरावा नव्हे, हे मान्य. पण न्यायालयात आणि इतिहासात पुष्कळ निकाल याहून कमी आधारावर लागलेले आहेत.

तुलनेसाठी ओल्डहॅमकडे पुन्हा एकदा पाहू. तेथल्या प्रयोगांच्या वह्या जीन पर्डी ठेवीत. त्या वह्या सुरक्षित राहिल्या, आणि २०१५ साली अभ्यासकांनी त्या तपासून हिशेब प्रसिद्ध केला : १९६९ ते १९७८ या काळात २८२ स्त्रिया, बीजे काढण्याचे ४५७ प्रयत्न, ११२ रोपणे, पाच गर्भधारणा आणि केवळ दोन जिवंत जन्म. यशाची बातमी आपण वाचतो, पण तिच्यामागे किती घरांतली निराशा आहे हे असल्या वह्यांतूनच दिसते. त्या शेकडो स्त्रियांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. पर्डीबाईंचेही तेच होणार होते. ऐंशीच्या दशकात ओल्डहॅमच्या रुग्णालयात स्मृतिफलक लावायचा ठरला तेव्हा त्यावर पर्डींचे नाव हवे, असे एडवर्ड्‌स यांनी पत्रातून आग्रहाने कळवले होते; फलक लागला तो त्यांच्या नावावाचून. १९८५ साली त्या वारल्या आणि १९८८ मध्ये स्टेप्टो. नोबेल पारितोषिक मृतांना देत नाहीत, म्हणून २०१० साली ते एकट्या एडवर्ड्‌सना मिळाले. वही लिहिणारीचे नाव वहीतच राहिले असते. २०१५ च्या नव्या फलकावर ते अखेर कोरले गेले.

आपल्याकडे असल्या विषयाची चर्चा निघाली की गांधारीच्या तुपाच्या कुंभांचा उल्लेख कोणीतरी हटकून करतो. शंभर कौरव कुंभांत वाढले, तेव्हा हे शास्त्र आपले जुनेच, असा त्याचा सूर असतो. महाभारत हे काव्य म्हणून थोर आहे आणि त्यातील कल्पनाशक्तीला माझा नमस्कार. पण प्रयोगशाळा, द्रावणे, अपयशांच्या नोंदी यांतले काही मागे उरले नाही, तोवर ती कथाच. मला खेद याचा वाटतो की, ज्या कुंभांचा पुरावा नाही त्यांचा अभिमान आपण जाहीर सभांतून मिरवतो, आणि ज्याचे कागद होते त्या डॉक्टराची चौकशी मात्र अविश्वासाने केली.

दरम्यान हे शास्त्र फार पुढे गेले आहे. एक शुक्रजंतू सुईने थेट बीजात सोडण्याची पद्धत १९९२ पासून रूढ झाली, त्यामुळे पुरुषाकडील दोषावरही इलाज निघाला. उपचार महाग असतात, आणि अनेकदा ते निष्फळ होतात. जाहिरातींत यशाचा आकडा मोठा असतो आणि अपयशाचा नसतोच. २०२१ साली या उपचारांच्या नियमनाचा कायदा झाला. त्यात रुग्णालयांची नोंदणी आणि प्रत्येक उपचाराचे दप्तर जपून ठेवणे सक्तीचे आहे. ज्यांना इतिहासाचे वेड आहे त्यांना तरी हे कलम रुक्ष वाटणार नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २००५ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांत दुर्गाच्या जन्माची नोंद आली. त्याच्या दोन वर्षे आधी, २००३ मध्ये, आपल्या पंचविसाव्या वाढदिवशी दुर्गा स्वतःच लोकांसमोर आली होती. मुखोपाध्यायांच्या स्मरणार्थ झालेल्या समारंभात तिने आपले खरे नाव सांगितले. जी साक्ष १९७८ साली मिळाली नाही, ती तिने दिली. ती ऐकायला डॉक्टर नव्हते. सुनीत मुखर्जींनी सांभाळलेले कागद मात्र होते.